पुस्तक ठेवायला गेलेले अयूबभाई

सावली गावात आमच्या भिंतीला भिंत लावून शेख अयूब राहतात. राइस मिलमध्ये फिटर आहेत. वय बावन्न, अंगाने सडपातळ, मिशा पांढऱ्या आणि बोटं काळी. मिलचा पट्टा तुटला, बेअरिंग तापलं किंवा धान वर नेणारा एलिव्हेटर मध्येच अडला, की मालक आधी अयूबभाईंना हाक मारतो आणि मग देवाला. मिलला मंगळवारी सुट्टी असते. त्या दिवशी अयूबभाई आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या बसने चंद्रपूरला जातात आणि संध्याकाळच्या आत एक जाड पुस्तक घेऊन परत येतात. निदान पंधरा वर्षं तरी मी हे बघतो आहे.

पुस्तक जाडच लागतं. विषय कोणताही चालतो. राजेरजवाड्यांची कादंबरी असो, खुनाचा तपास असो, नाहीतर कुणा वकिलाचं आत्मचरित्र असो. हातात घेऊन आधी ते वजन बघतात.

"बारीक पुस्तक घेऊन का करू गुरुजी?" मला एकदा म्हणाले. "मंगळवारी आणलं न् बुधवारी सरलं. मंग बाकीचे दिवस का मशीनीकडे पाहून राहू?"

एकदा चंद्रपूरला जाताना मूल गावाच्या पुढे जंगलात बस थांबली. रस्त्यात वाघ उभा होता. सगळी बस खिडक्यांना चिकटली, मोबाइल बाहेर आले, कंडक्टरही ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घुसला. माझ्या शेजारी बसलेल्या अयूबभाईंनी पान उलटलं. मी त्यांना हलवून म्हटलं, "अहो, वाघ!" त्यांनी मान वर न करता विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, "नाही, आहे अजून." तर म्हणाले, "मंग काऊन घाई करून राह्यले? हे पान होऊ द्या."

वाघ काही त्यांच्या पानासाठी थांबला नाही.

त्यांच्या बायकोला, सईदाबाईंना, या पुस्तकांचा मनस्वी राग. सईदाबाई घरी ब्लाऊज शिवतात. अर्ध्या सावलीची मापं त्यांच्याकडे आहेत. घरात नवराबायको हिंदी बोलतात, पण भांडण मराठीत करतात. याचं कारण मी एकदा बिचकत विचारलं तेव्हा सईदाबाईंनीच सांगितलं, "हिंदीत बोललं तर निस्तं यायले ऐकू येते. मराठीत बोललं की तुमालेबी समजते. साक्षीदार पायजे ना कोनी!"

असा साक्षीदार म्हणून मी बरंच ऐकलं आहे. पुस्तकं पेटीत होती, माळ्यावर होती, तांदळाच्या कोठीत तांदळावर पॉलिथिन अंथरून होती. फ्रिज आला तेव्हा त्याचं खोकं अयूबभाईंनी फेकू दिलं नाही. ते फ्रिजच्या बाजूला फ्रिजएवढंच उभं राहिलं आणि महिनाभरात भरलं. तरी सईदाबाई सोसत होत्या. पण गेल्या दिवाळीनंतर दिवाणाचं प्रकरण झालं.

दिवाणाचा एक पाय मोडला होता. मिलमध्ये शंभर पाय जोडणारा हा माणूस घरचा पाय जोडेल की नाही? त्यांनी त्याच्या जागी पाच पुस्तकं रचून ठेवली. एका आत्मचरित्राचे पाच भाग होते ते; सगळे सारख्या जाडीचे, म्हणून पातळी बरोबर बसली. काम इतकं चोख झालं की दोन महिने कुणाला कळलंही नाही. मग एका रविवारी अयूबभाईंना तिसरा भाग वाचावासा वाटला. त्यांनी तो अलगद काढून घेतला, दिवाण भिंतीला टेकवून ठेवला आणि मिलची वेळ झाली म्हणून तिसरा भाग घेऊन निघून गेले. दुपारी वडशाहून सईदाबाईंची बहीण निशात आली आणि "हुश्श" करून दिवाणावर बसली.

मी भिंतीपलीकडून आवाज ऐकला. आधी दिवाणाचा, मग निशातचा, मग बराच वेळ सईदाबाईंचा. मराठीत.

त्या दिवशी कायदा झाला. एक पुस्तक घरात आलं तर एक पुस्तक घरातून गेलं पाहिजे. आधी जाईल, मग येईल. गेलेलं पुस्तक परत आलं तर त्याच्यासोबत आणखी एक जाईल.

अयूबभाईंनी कायदा मान्य केला. पुस्तक देणं फार सोपं असतं असं त्यांना वाटत होतं.

पहिलं पुस्तक त्यांनी मला दिलं. मी ते आठ दिवसांत वाचून, वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत नेऊन दिलं. "परत काऊन आणलं?" म्हणून ते माझ्यावर इतके चिडले की एखादं पान फाटलं की काय असं मला वाटलं. दुसरं त्यांनी मिलच्या चौकीदाराला, इतवारीला दिलं. इतवारीला वाचता येत नाही, म्हणून ते परत यायची भीती नव्हती. तर इतवारी दुसऱ्या दिवशी घरी हजर. एका हातात पुस्तक, एका हातात पेरूची पिशवी. "भाऊ, तुमचं सामान माह्याकडे राह्यलं होतं," म्हणाला. तिसरं त्यांनी मूलच्या बसमध्ये सीटवर सोडलं. ते कंडक्टरने संध्याकाळच्या फेरीत आणून दिलं आणि वर सल्ला दिला, "अयूबभाई, आता उमर झाली, ध्यान ठेवत जा."

इथे सगळे त्यांना ओळखतात हे तर झालंच, पण पुस्तकं परत येण्याला आणखी एक कारण होतं. मिलमध्ये प्रत्येक पान्यावर अयूबभाई आपल्या नावाची खूण ठोकतात. तीच सवय पुस्तकांना. प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर, खाली, "शेख अयूब शेख करीम, फिटर, सावली" आणि मोबाइल नंबर.

"मग नाव खोडा ना," मी म्हटलं.

"अन् हरवलं तर?" त्यांनी विचारलं.



डिसेंबरातल्या एका मंगळवारी त्यांनी पक्कं ठरवलं. आता पुस्तक अशा जागी सोडायचं की तिथे ते कुणाला परकं वाटूच नये. म्हणजे पुस्तकाच्या दुकानात. तेही चंद्रपूरच्या त्याच दुकानात, जिथून ते पंधरा वर्षं पुस्तकं घेत होते.

दुकान धम्मदीप रामटेके यांचं. पुढच्या भागात भरतीची आणि परीक्षांची पुस्तकं, मागच्या लांबट खोलीत छतापर्यंत जुनी पुस्तकं. आधी धम्मदीपचे वडील बसायचे. ते वारल्यावर धम्मदीप बसू लागला आणि त्याने दुकानात तीन सुधारणा केल्या. एक, "जुनी पुस्तके घेणे बंद आहे" अशी पाटी लावली, कारण ठेवायला जागा नव्हती. दोन, "पिशव्या काउंटरवर ठेवाव्यात" अशी पाटी लावली, कारण मागच्या खोलीतून पुस्तकं चोरीला जाऊ लागली होती. आणि तीन, मागच्या खोलीत कॅमेरा लावला. त्याची पाटी मात्र लावली नाही.

पुस्तक कोणतं न्यायचं याचा अयूबभाईंनी फार विचार केला नाही. सईदाबाईंच्या शिलाई मशीनच्या पायाशी एक जाडजूड कादंबरी पडलेली होती. कव्हर गेलेलं. एका जहागीरदाराच्या तीन पिढ्यांची गोष्ट, सातशे चाळीस पानं. त्यांची ती तीन वर्षांपूर्वीच वाचून झाली होती. सईदाबाई पाय टेकवायला वापरत असतील, असं त्यांना वाटलं. त्या पाणी भरायला गेल्या तेव्हा त्यांनी ती उचलली. पिशवी तर काउंटरवर ठेवावी लागणार, म्हणून त्यांनी कादंबरी शर्टावर पोटाशी धरली, वरून स्वेटर घातला आणि स्वेटर पँटमध्ये खोचून पट्टा आवळला. सावली ते चंद्रपूर ते बसमध्ये ताठ बसून गेले. वाकताच येत नव्हतं.

दुकानात गेले तेव्हा धम्मदीप एका मुलीला पुस्तकं दाखवत होता. तिचं नाव नंदिनी. पोलीस भरतीची तयारी करत होती, मैदानावरून धावूनच आलेली होती. अयूबभाई "आराम से, आराम से" असं म्हणत दोघांना ओलांडून मागे गेले. धम्मदीपने सहज त्यांच्याकडे बघितलं. ओळखीचा माणूस, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की अयूबभाईंना पोट आलं आहे, आणि ते पोट चौकोनी आहे.

आता, हे ध्यानात आल्यावर त्याने विचार करायला हवा होता की पोट येतानाच चौकोनी होतं. पण त्याच वेळी नंदिनीने भाव विचारला, तो बोलण्यात गुंतला, आणि पुन्हा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतो तर अयूबभाई कोपऱ्यात पाठमोरे उभे, दोन्ही हात स्वेटरच्या आत, आणि अंगाला झटके देत आहेत. पट्टा आवळल्यामुळे कादंबरी अडकली होती.

धम्मदीप मागे गेला. पाठोपाठ नंदिनीही गेली. तोवर कादंबरी सुटली होती, फळीवर बसली होती आणि अयूबभाई स्वेटर खाली ओढत होते.

"काका, स्वेटरच्या आत काय आहे?" धम्मदीपने विचारलं.

"आता काई नाई."

"मग आधी काय होतं?"

"पुस्तक."

"कुठं गेलं?"

"ठेवलं ना फळीवर."

"म्हणजे आधी उचललं होतं."

"उचललं नाई, आणलं होतं."

"कुठून?"

"घरून."

धम्मदीप हसला, पण तसलं हसणं चांगलं नसतं. "काका, लोक माझ्या दुकानातून पुस्तकं घरी नेतात. घरून आणून माझ्या दुकानात कोण ठेवते?"

"मी ठेवतो," अयूबभाई म्हणाले. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक आपण, आणि हा पोरगा आपल्याला चोर समजतो आहे, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांना वाटलं सगळं सुरुवातीपासून सांगावं. म्हणून त्यांनी दिवाणापासून सुरुवात केली. दिवाण, आत्मचरित्राचे पाच भाग, साळी म्हणजे मेहुणी पडली, कायदा झाला. जसजसं सांगत गेले तसतसं ते अधिकच बनावट वाटू लागलं. इतवारीच्या पेरूपर्यंत आले तेव्हा धम्मदीपने हात जोडले.

"थांबा भाऊ," नंदिनी म्हणाली. तिच्या आवाजात एकदम वजन आलं. "अशानं नाई होत. पुरावा पाहावा लागते."

तिने आधी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात अयूबभाईंची फक्त पाठ होती. मग तिने फळीवरून कादंबरी काढली. "हे तुमचं आहे म्हणता, तर काही खूण सांगा."

"सतरावं पान पाहा," अयूबभाई म्हणाले.

तिने सतरावं पान काढलं. नाव होतं, नंबर होता. पण तिचं समाधान झालं नाही. "हे कोनाचंही असू शकते," असं म्हणून तिने तो नंबर आपल्या फोनवर लावला. अयूबभाईंच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी सवयीने तो कानाला लावला.

"हॅलो, कोन?"

"मी नंदिनी."

"कोन नंदिनी?"

"तुमच्या समोर उभी आहे ती."

"हाँ, बोला ना बाई."

"काई नाई, पटलं," नंदिनी म्हणाली आणि फोन बंद केला.

धम्मदीपचा चेहरा पडला. तो "माफ करा काका" म्हणाला, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. प्रकरण तिथेच मिटायचं. पण नंदिनीचा तपास अजून सुरू होता. ती कादंबरी चाळत होती आणि पान चारशे बाराला तिला कागदाची एक अरुंद चिठ्ठी मिळाली. ती तिने मोठ्याने वाचायला घेतली.

"निशात. उंची साडेचौदा. छाती..."

"बास!" अयूबभाई स्टुलावरून उठून ओरडले आणि त्यांनी चिठ्ठी हिसकावली. "साळी आहे माही!"

चिठ्ठी खिशात घालता घालता ते थांबले. अक्षर सईदाबाईंचं होतं. आणि हे माप नवं होतं. मागच्या शुक्रवारी निशातने फोनवरून ते सांगितलं, सईदाबाई मोठ्याने म्हणत म्हणत लिहून घेत होत्या आणि हे समोरच जेवत बसले होते. कादंबरी तर त्यांनी तीन वर्षांत उघडली नव्हती. मग शुक्रवारची चिठ्ठी चारशे बाराव्या पानावर गेली कशी?

नंदिनीने आणखी चाळलं. एकशे छत्तीसवर बॉबिनचा तुटका लाल दोरा. दोनशे सत्तरवर खडूचा निळा ठिपका. तीनशे पाचवर हळदीचं बोट.

"कोनीतरी वाचून राह्यलं आहे काका," ती म्हणाली. "आणि रोज वाचून राह्यलं आहे. हळद ताजी आहे."

अयूबभाई पुन्हा स्टुलावर बसले. चहा आला तो त्यांनी हातात धरून ठेवला. मला त्यांनी नंतर सांगितलं की त्या वेळी त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. आधी राग आला. चोवीस वर्षं जी बाई तुमच्या पुस्तकांना रद्दी म्हणते, तिनेच गुपचूप रद्दी वाचावी? मग त्यांना जेवतानाचं आठवलं. वाचलेली गोष्ट घरी सांगायची त्यांना सवय. सांगता सांगता मध्येच सईदाबाई ताट आपटून म्हणायच्या, "बास झालं, पुढचं नका सांगू." त्यांना वाटायचं, हिला कंटाळा आला. आता कळलं की ती तिथपर्यंत पोचलेली नसायची.

तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा वाजला. त्यांनी नंदिनीकडे बघितलं. नंदिनीने दोन्ही हात वर करून दाखवले. फोन घरचा होता.

सईदाबाईंचा आवाज फोनमधूनही आख्ख्या दुकानाला ऐकू गेला. मराठीत होता. "मशीनपाशी जाड पुस्तक होतं, ते कुठी आहे?"

"जुनं होतं, घेऊन आलो. तूच तं म्हणते, एक जाऊ दे म्हून."



"परत आना."

"काऊन?"

"निशातचं माप आहे त्यात."

"मापच पायजे ना? चिठ्ठी आहे माह्याजवळ. सांगतो, लिहून घे."

"नाई," सईदाबाई घाईने म्हणाल्या. "पुस्तकासंगंच आना." आणि मग, जरा आवाज उतरवून, "चिठ्ठी जिथी होती तिथीच ठेवजा. पान हलवू नका."

फोन बंद झाला. धम्मदीप तोंड फिरवून फळ्या पुसायला लागला. नंदिनीने मात्र सरळ विचारलं, "काका, चारशे बाराव्या पानावर आहे काय?"

अयूबभाईंना आठवत होतं. मधली सून भरल्या घरासमोर कमरेची किल्ली काढून सासूपुढे टाकते, तिथपर्यंत गोष्ट आलेली असते. "लय बेकार जागी थांबली आहे बिचारी," ते म्हणाले आणि त्यांना एकाएकी फार अपराध्यासारखं वाटलं.

त्यांनी ठरवलं, आज आपल्यासाठी काही घ्यायचं नाही, बायकोसाठी घ्यायचं. धम्मदीपने विचारलं, "भाभींना कसलं आवडते?" अयूबभाई फळ्यांकडे बघत राहिले. मिलच्या प्रत्येक बेअरिंगचा नंबर त्यांना तोंडपाठ आहे. सईदाबाईंना कसलं आवडतं ते काही सांगता येईना. पाककृतीचं घेतलं, ठेवलं. संतचरित्र घेतलं, ठेवलं. धम्मदीपने भरतकामाचं एक काढून दिलं, तर म्हणाले, "हे नेलं तं, मले शिकवाले निघाले का, असं म्हणन ती." शेवटी पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते रिकाम्या हाताने निघाले. म्हणजे चिठ्ठी चारशे बाराव्या पानावर ठेवून जहागीरदाराला परत पोटाशी धरून निघाले. धम्मदीप म्हणाला की आता पिशवीत न्या, तरी त्यांनी ऐकलं नाही. पान हललं असतं.

घरी पोचल्यावर काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं आहे आणि दोघांचं जुळत नाही. अयूबभाई म्हणतात, मी दरडावून विचारलं. सईदाबाई म्हणतात, ते दारातच उभे राहून पुस्तक पुढे करत होते, शाळेत उशिरा आल्यासारखे. माझा कल सईदाबाईंच्या बाजूने आहे, कारण भिंतीपलीकडे दरडावणी ऐकू आली नाही.

"किती दिवसांपासून?" अयूबभाईंनी विचारलं.

"आठ वर्षं झाले असन."

"आठ वर्षं! अन् वाचले किती?"

"मोजले नाई. माळ्यावरचे झाले. खोक्यातले झाले. ते वकिलाचं अर्धं सोडलं. लयच आपलं आपलंच सांगते तो." त्या मशीनवर बसल्या, दोरा ओवला. सुरुवात कशी झाली तेही सांगितलं. एकदा फार राग आला म्हणून एक पुस्तक बंबात घालायला घेतलं होतं. जाळायच्या आधी बघावं तरी यात आहे काय, म्हणून उभ्या उभ्या उघडलं. नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या होत्या, वाचायची सवय मोडली होती. त्या दिवशी बंब पेटला नाही.

"मंग लपवलं काऊन? माह्यासमोर वाचलं असतं तं का झालं असतं?"

"तुमच्यासमोर वाचलं असतं तं तुमी दोन-दोन आनले असते."

अयूबभाईंनी यावर थोडा विचार केला. खरं होतं. "पन मंग एक जाऊ द्या, एक जाऊ द्या, हा कायदा कायले?"

"कारन तुमाले निवडता येत नाई," सईदाबाई म्हणाल्या. "जाड दिसलं का उचलता. दहात चार टाकाऊ निघतात. मले वाटलं, ते चार तं जातीन. तं तुमी चांगलंच घेऊन पयाले."

पुढच्या मंगळवारी दोघं मिळून चंद्रपूरला गेले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण सईदाबाई पुस्तकाच्या दुकानात कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी दोन ब्लाऊज द्यायचे होते, पण त्यांनी गिऱ्हाइकांना सरळ सांगून टाकलं, "माही सुट्टी आहे."

धम्मदीपने "या भाभी" म्हणून स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी एकेक पुस्तक हातात घ्यायला सुरुवात केली, आणि अयूबभाई बघतच राहिले. त्यांनी वजन बघितलं नाही. पुस्तक मधोमध उघडलं, उलटं धरलं आणि शिलाई तपासली. "ही कच्ची आहे. चार वेळा उघडलं तं पान हातात येईन." दुसरं घेतलं. "हे निस्तं चिकटवलं आहे, दोराच नाई." मग शिलाई पास झालेल्या पुस्तकांतून त्यांनी कुठलंही मधलं पान काढून, उभ्याने, शांतपणे पुरतं वाचलं. तीन बाजूला काढली, नऊ परत ठेवली. ठेवताना कारण सांगितलं. एकात बाया फारच रडतात. एकात दर पानाला सूर्य मावळतो. एक लिहिणाऱ्याला कधी भूक लागली नसावी, साठ पानांत कुणी जेवलंच नाही. धम्मदीप सोबत सोबत फिरत होता. थोड्या वेळाने तो काउंटरवरची वही आणून लिहून घेऊ लागला.

दोन तासांनी तीन पुस्तकं ठरली. अयूबभाईंनी एका नऊशे पानांच्या ग्रंथाकडे आशेने बोट दाखवलं. सईदाबाईंनी तो उघडला, अर्धं पान वाचलं आणि मिटून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. अयूबभाईंनी तो परत फळीवर ठेवला. या वेळी कॅमेऱ्यासमोर, तोंड करून.

निघताना धम्मदीपने एक गठ्ठा आणला. शिलाई उसवलेली बारा जुनी पुस्तकं होती. "भाभी, सावकाश होऊ द्या, पण तुमच्या हातून शिवून मिळतील का?" सईदाबाईंनी दोरा कोणता लागेल ते त्याला सांगितलं आणि गठ्ठा अयूबभाईंच्या डोक्यावर दिला.

परतीच्या बसमध्ये अडचण आली. तिन्हींपैकी एक पुस्तक दोघांनाही आधी हवं होतं. एका सर्कशीच्या मालकिणीची कादंबरी होती, साडेपाचशे पानांची. अयूबभाई म्हणाले, बस माझी, मंगळवार माझा, पहिला मान माझा. सईदाबाई म्हणाल्या, निवडलं मी. चिचपल्ली येईपर्यंत हे चाललं. मग सईदाबाईंनी पर्समधून उसवायची छोटी कात्री काढली, कादंबरी मांडीवर उलटी घेतली आणि टचटच करून पाठीचा दोरा कापायला लागल्या.

"ओ! ओ! का करून राह्यली!" अयूबभाई सीटवरून अर्धे उठले. समोरच्या सीटवरचा माणूसही वळून बघू लागला.

"बसा खाली. शिवता येते मले."

जुनं पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गड्ड्या शिवून केलेलं असतं. त्यांनी पहिली गड्डी सोडवून घेतली, बाकीचं पदराखाली दाबलं आणि वाचायला लागल्या. सोळा पानं झाली की ती अयूबभाईंच्या हातात देत होत्या आणि दुसरी सोडवत होत्या. त्या सावकाश वाचतात, ओठ हलवत. अयूबभाईंची गड्डी मिनिटात संपायची आणि ते हात पुढे करून बसायचे.

"झालं का?"

"थांबा."

मूलच्या स्टँडवर तिसरी गड्डी चालू होती. समोरच्या सीटवरच्या माणसाने तेवढ्यात अयूबभाईंकडून पहिली मागून घेतली होती. त्याला खरं तर मूललाच उतरायचं होतं. कंडक्टरने त्याला दोनदा हटकलं तेव्हा त्याने पाकीट काढून सावलीपर्यंतचं तिकीट घेतलं आणि अयूबभाईंना विचारलं, "दादा, दुसरी वाचून झाली असन तं द्या ना. वाघाच्या पिंजऱ्याचं दार कोनी उघडं सोडलं?"

"सांगू नका," सईदाबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यायलेबी वाचू द्या."